बायोडिझेलचं तेल काढून उरलेली पेंड झाडांना घालावी का? (मोगली एरंड, करंज)

रिकामीकुंडी

नमस्कार मंडळी. आमच्या ओळखीतले काही जण छोट्या एक्सपेलरवर (तेल काढायच्या दाबयंत्रावर) मोगली एरंड (जट्रोफा) आणि करंजाच्या बिया गाळतात आणि त्या तेलाचं बायोडिझेल बनवतात. तेलाचं सगळ्यांना कौतुक, पण १०० किलो बी घातलं की २५-३० किलो तेल निघतं आणि बाकीची ७० किलोच्या आसपास पेंड पोत्यात भरून भिंतीला टेकवून ठेवलेली असते, तिला कोणी विचारत नाही. जनावरांना घालता येत नाही, विषारी असते म्हणतात. मला म्हणाले बागेला हवी तेवढी ने. फुकट आहे म्हटल्यावर हात शिवशिवतायत पण आधी इथे विचारून घ्यावं म्हटलं.

हे खरंच खत आहे का नुसता चोथा? आणि जनावराला विषारी तर झाडाला नाही का? आणि समजा झाडाला चाललं तरी त्या मातीतली भाजी आपण खायची का? माझ्याकडे फुलझाडांच्या कुंड्या आहेत, थोडी जमीन आहे त्यात टोमॅटो, वेलभाज्या, पालेभाज्या असं सगळं आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

मनीप्लँट

+१ मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

खुरपं

ताई, खत आहे, आणि चांगलं खत आहे. साधा विचार करा, तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन, बास. झाडाने जमिनीतून जे नत्र-स्फुरद-पालाश उचलून बीत भरलं त्यातलं तेलाबरोबर जवळजवळ काहीच जात नाही, सगळं पेंडीतच राहतं. म्हणून तर तेल काढल्यावर पेंडीतली टक्केवारी बीपेक्षा वाढलेली दिसते.

ढोबळ आकडे सांगतो. करंज पेंडीत नत्र ४ टक्क्यांच्या आसपास, साध्या एरंडीच्या पेंडीत ४ ते ५, निंबोळी पेंडीत ५ च्या पुढे, मोगली एरंडाची ३ ते साडेचार अशी बी कसं सोललंय त्यावर कमीजास्त. सालं जास्त राहिली की नत्र कमी. स्फुरद आणि पालाश दोन्ही साधारण १ ते २ टक्के. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं, त्याच्याशी ताडून बघा म्हणजे कळेल. १० किलो पेंडीत ४०० ग्रॅम नत्र धरलं तर ते पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास युरियाएवढं झालं.

पण युरियासारखं टाकलं आणि आठवड्यात हिरवंगार असं होत नाही. पेंडीतलं नत्र प्रथिनात अडकलेलं असतं, ते आधी जिवाणू खाणार, त्याचा अमोनिया होणार, मग त्याचं नायट्रेट, मग मुळं घेणार. आणि हे सगळं चालू असताना त्या जागी गरम होतं, अमोनिया सुटतो, कोवळं मूळ मध्ये आलं की जळतं. त्यामुळे रोप लावतानाच खड्ड्यात पेंड टाकू नका. दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा, ओल ठेवा, मग लावा.

बोगदा

एवढा खटाटोप कशाला पण? वाळवायची, विटा पाडायच्या, जाळायची. तेलाचा अंश असतो, लाकडासारखी मस्त पेटते. जे लोक बायोडिझेल बनवतात त्यांना तेल गरम करायला आच लागतेच, तिथल्या तिथे वापरून टाका की. विष पण गेलं, कटकट पण गेली.

खुरपं

@बोगदा पेटते चांगली, नाही कोण म्हणतो. पण जाळलं की नत्र सगळं धुरावाटे हवेत. राखेत पालाश आणि स्फुरद उरतं तेवढंच. ज्या ४ टक्क्यांसाठी लोक पैसे मोजून खत आणतात तेच फुंकून टाकायचं आणि मग त्याच एरंडाच्या लागवडीला बाहेरून युरिया घालायचा. मोगली एरंड पडीक जमिनीत खताशिवाय येतो म्हणून २००० नंतरच्या दशकात जगभर किती हवा झाली होती आठवतंय का? झाड येतं, जगतं, ते खरं आहे. पण दरवर्षी पोत्यांनी बी काढून न्यायचं आणि परत काही द्यायचं नाही म्हटल्यावर हलक्या जमिनीत बी धरणार कुठून. ब्रिटिश पेट्रोलियमसारखी कंपनीसुद्धा २००७ मध्ये यात उतरली आणि २००९ मध्ये बाहेर पडली. निदान पेंड तरी त्याच जमिनीत परत जायला हवी होती.

बोगदा

ब्रिटिश पेट्रोलियम बाहेर पडली ती पेंड जाळली म्हणून नव्हे हो काका 😀

खुरपं

तसं मी म्हटलेलंच नाही 😀 उत्पन्नाचे कागदावरचे आकडे शेतात दिसले नाहीत हा मुद्दा आहे.

अर्धाकेमिस्ट

विषाबद्दल लिहितो कारण त्यात लोक सगळ्या पेंडी एकाच माळेत ओवतात आणि घोळ होतो. प्रत्येक बीचं विष वेगळं आहे आणि ते जातं कसं हेही वेगळं आहे.

मोगली एरंडात दोन गोष्टी मुख्य. एक कर्सिन नावाचं प्रथिन, ते उष्णतेने निकामी होतं. दुसरी फॉर्बॉल एस्टर्स, खरी डोकेदुखी तीच. साध्या भाजण्या-उकडण्याने ती जात नाहीत, तेलात विरघळतात पाण्यात नाही, कातडीला लागली तर आग होते, आणि गाठी वाढायला हातभार लावणारी रसायनं म्हणून प्रयोगशाळेत त्यांची ओळख आहे. म्हणून ही पेंड जनावराला घालत नाहीत. मेक्सिकोत याच झाडाचे फॉर्बॉल एस्टर जवळजवळ नसलेले प्रकारही आहेत, पण तुमच्या पोत्यात तो प्रकार असेल असं धरून चालू नका.

आता चांगली बातमी. हीच फॉर्बॉल एस्टर्स ओल्या, कोमट, हवा खेळणाऱ्या मातीत टिकत नाहीत. जिवाणू त्यांचे तुकडे करतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत बरीचशी संपतात, थंडीत किंवा कोरड्या मातीत वेळ जास्त लागतो. म्हणजे खुरपंकाकांनी नत्रासाठी जी मुदत सांगितली तीच विषासाठी पण उपयोगी पडते. पोत्यात कोरडी पडून राहिली तर मात्र तसं काही होत नाही, वर्षभर ठेवून पेंड 'उतरते' असं समजू नका.

साध्या एरंडीत रायसिन. भयंकर विषारी पण ते प्रथिन आहे, नीट वाफवलं तर मोडतं आणि मातीतही इतर प्रथिनांसारखंच कुजतं. घाण्यावर थंड दाबाने काढलेल्या पेंडीत मात्र ते शाबूत असणार हे लक्षात ठेवा. शिवाय एरंडीच्या पेंडीच्या धुळीची काहींना जबरदस्त ॲलर्जी असते, तेल गिरणीत काम करणाऱ्यांना दम्याचा त्रास होतो हे जुनं दुखणं आहे, आणि ते ॲलर्जी करणारं प्रथिन उष्णतेलाही दाद देत नाही.

करंजात करंजिन. ते झाडाला त्रास देत नाही, उलट त्याचा एक फायदाच आहे, पण ते सविस्तर नंतर लिहितो, आत्ता काम आलंय.

मनीप्लँट

बापरे. हे सगळं मी हाताने कालवणार होते.

रिकामीकुंडी

अर्धाकेमिस्ट, खूप धन्यवाद. मग भाजीचं काय ते स्पष्ट सांगाल का? मातीत विष संपलं म्हणजे टोमॅटोत येणार नाही असं धरू?

अर्धाकेमिस्ट

आलो परत. ताई, फॉर्बॉल एस्टर हा मोठा, स्निग्धात विरघळणारा रेणू आहे, मातीतल्या पाण्याबरोबर मुळातून वर फळापर्यंत सहज चढेल असा नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, कच्च्या पेंडीची पूड किंवा चिखल पानावर उडून चिकटण्याची. पालेभाजी, मुळा, गाजर, जे मातीला टेकून असतं आणि आपण कच्चं खातो, तिथे ताजी पेंड मी टाकणार नाही. टोमॅटोला, वेलांना, पेंड आधी कंपोस्टमध्ये जिरवून मग. फुलझाडं, कुंपण, मोठी झाडं यांना थेट मातीत मिसळली तरी हरकत नाही, फक्त मुदत पाळायची.

करंजाचं राहिलं होतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात त्यांचा वेग करंजिनमुळे मंदावतो. नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जातं, अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहतं, त्यामुळे नत्र जास्त दिवस मुळांच्या टप्प्यात राहतं. निंबोळी पेंडीचंही असंच. म्हणजे युरिया वापरणारे जे आहेत त्यांनी करंज पेंडीत युरिया घोळवून दिला तर तोही जरा पुरवून पुरवून लागू होतो. तुमच्याकडे दोन्ही पेंडी असतील तर पोती वेगळी ठेवा, करंजाची भाजीच्या बाजूला, मोगली एरंडाची फुलांच्या आणि झाडांच्या.

जुनंपुराण

अवांतर करतो, राहवत नाही. इंधनासाठी बी गाळायचं आणि उरलेली पेंड शेतात घालायची हे आपल्याला नवीन वाटतंय पण जपानमध्ये एदो काळात हेच चालायचं. दिव्यात जाळायला मोहरीवर्गातल्या बियांचं तेल काढायचे आणि तिची पेंड शेतकरी विकत घ्यायचे, कापसाला वगैरे घालायला. वाळवलेले मासे आणि ही पेंड ही तिथली विकतची खतं. पुढे १९ व्या शतकाच्या शेवटी मांचुरियातून सोयाबीनच्या पेंडीच्या मोठमोठ्या चकत्या जहाजाने जपानच्या भातशेतीत जायला लागल्या. बोन्सायवाले आजही त्या मोहरीवर्गी पेंडीचे गोळे करून कुंडीच्या मातीवर ठेवतात, पाणी घालताना थोडं थोडं उतरत राहतं.

तिकडे तेल दिव्यात जायचं आणि इकडे इंजिनात जातंय, पेंडीचा प्रवास तोच.

मनीप्लँट

छान माहिती. पण मग बोन्सायवाल्यांच्या कुंडीत दोन-तीन आठवडे थांबायची भानगड नाही का?

जुनंपुराण

कारण ते मातीत मिसळत नाहीत, वर ठेवतात. आणि बरेच जण आधी आंबवलेले गोळे वापरतात. मुळाजवळ कुजण्याचा प्रश्न येत नाही.

खुरपं

बरोबर. आणि मोहरीची पेंड निघाली म्हणून सांगतो, तिच्यात विष म्हणावं असं वेगळंच प्रकरण असतं. ओल लागली की त्यातून मोहरीचा तो नाकात जाणारा झणका सुटतो ना, तो मातीतल्या सूत्रकृमींना आणि काही बुरशींना मारतो, पण तण काय आणि तुम्ही पेरलेलं बी काय, त्याला फरक कळत नाही, दोन्हीचं उगवणं थांबवतो. मोहरीची पेंड टाकून लगेच बी पेरलं आणि 'बी खोटं निघालं' म्हणून बोंब मारणारे मी पाहिलेत.

शेणखतसमर्थक

उशिरा आलो. कंपोस्टमध्ये जिरवा म्हणताय तर प्रमाण पण सांगा की. पेंडीत नत्राच्या मानाने कार्बन कमी असतो, १० ला १ वगैरे, आणि ढीग चांगला कुजायला २५-३० ला १ लागतो. नुसत्या पेंडीचा ढीग घातला तर अमोनियाचा वास येऊन डोळ्यांत पाणी येईल आणि जो वास येतोय तेच तुमचं खत उडून चाललंय. त्यामुळे वजनाने एक भाग पेंड तर तीन भाग सुका पालापाचोळा. सोबत थोडं जुनं कंपोस्ट किंवा शेण विरजणासारखं. पेंडीचे गठ्ठे आधी भिजवून फोडून घ्या, एक्सपेलरमधून निघालेली पेंड पापुद्र्यासारखी कडक असते आणि तेलकट असल्यामुळे पाणी लवकर शोषत नाही, वरून पाणी मारलं तर आत कोरडीच राहते.

ढीग दोन-तीन दिवसात तापायला लागतो, ५५-६० अंश सहज जातो. चाळवत राहा, हवा लागली पाहिजे, दाबून झाकून ठेवला की आंबट घाण वास येतो. ढीग थंड झाला, वास मातीसारखा झाला की मग थोडा मुरू द्या. घाई असेल तर एक साधी चाचणी, त्यात मेथी किंवा मोहरीचे दाणे टाकून बघायचे. नीट उगवले तर तयार, पिवळे पडले किंवा उगवलेच नाहीत तर अजून ठेवा.

बोगदा

एक्सपेलरच्या पेंडीत तेल किती राहतं तसं?

अर्धाकेमिस्ट

छोट्या मशीनला ६ ते १० टक्के धरून चाला, सेटिंग खराब असेल तर जास्तच. मोठ्या कारखान्यात हेक्झेन या द्रावकाने धुऊन काढतात तिथे एक-दीड टक्क्यावर येतं. तेल जास्त म्हणजे कुजायला वेळ जास्त, आणि मातीत ते पाणी झटकतं. बोगदा साहेबांना जाळायला आवडेल अशी पेंड म्हणजे खताला जरा आळशी पेंड.

पण जाळण्यापेक्षा बायोगॅसचा विचार करा ना. तेल आणि प्रथिनं दोन्ही असल्यामुळे गॅस शेणापेक्षा कितीतरी जास्त निघतो, आणि नत्र कुठे जात नाही, स्लरीत तसंच राहतं, वर झाडाला लगेच घेता येईल अशा रूपात. फक्त नुसती पेंड कोंबायची नाही, अमोनिया वाढून गॅस बनवणारे जिवाणूच गपगार पडतात. शेणाबरोबर थोडी थोडी वाढवत न्यायची. इंधनही मिळालं आणि खतही, तुमचं आणि काकांचं भांडण मिटलं.

बोगदा

हे पटलं. पण बायोगॅस प्लांट असायला हवा ना राव, माझ्याकडे चूल आहे.

रिकामीकुंडी

सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं मिळालं. अजून एक. त्यांच्याकडे ग्लिसरीनचे पण कॅन भरून पडलेत, तपकिरी जाडसर. ते पण घेऊन जा म्हणतायत, पाण्यात घालून झाडाला घातलं तर चालतं असं त्यांच्यातला एक म्हणाला.

अर्धाकेमिस्ट

थांबा!! ती पेंड नव्हे. पेंड तेल काढताना निघते, रसायन लागायच्या आधी. ग्लिसरीन निघतं तेलाचं बायोडिझेल करताना, तिथे मेथॅनॉल आणि कॉस्टिक घातलेलं असतं आणि त्यातलं उरलंसुरलं या कॅनमध्ये येतं, साबणासकट. मेथॅनॉल विषारी, पटकन पेट घेणारं, आणि वाफ नाकात जाऊ देऊ नये असं. कॅन घरात आणूच नका.

त्यांना विचारा की कॅटॅलिस्ट, म्हणजे ते कॉस्टिक, कुठलं वापरतात. सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर विषयच संपला, सोडियम मातीत गेला की माती चिकट, घट्ट होते, पाणी मुरत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेल आणि ते लोक फॉस्फरिक ॲसिडने ते उदासीन करत असतील तर खाली पोटॅशियम फॉस्फेटचा साका बसतो, ते मात्र खरंच खत आहे, पण ते वेगळं काढून, मेथॅनॉल उडवून, हे सगळं ज्याला येतं त्यानेच करायचं. आणि शुद्ध ग्लिसरीनमध्ये नत्र शून्य असतं. मातीत ओतलं की जिवाणूंची चंगळ होते आणि ते मातीतलं असलेलं नत्रही स्वतःसाठी ओढून घेतात, झाड पिवळं पडतं. म्हणजे खत म्हणून घालायचं आणि उपासमार करायची.

रिकामीकुंडी

बरं झालं विचारलं. ग्लिसरीन रद्द. पेंड आणते. कुंडीला किती घालू ते सांगून टाका.

खुरपं

१०-१२ इंची कुंडीला एक मूठ, ४०-५० ग्रॅम, वरच्या दोन इंच मातीत खोडापासून लांब कडेकडेने मिसळायची, वर माती ओढायची, पाणी. झाड आधीपासून वाढलेलं असेल तर एवढ्याने काही होत नाही, नाजूक रोपाला हेही नको. परत दोन महिन्यांनी. जमिनीत चौरस मीटरला पाव किलो, त्यात १० ग्रॅमच्या आसपास नत्र येतं, पुरे आहे. जास्त घातलं म्हणजे जास्त फुलं हा हिशोब इथे चालत नाही, नुसता पाला माजतो. उघड्यावर भुरभुरवून सोडू नका, पांढरी बुरशी धरते, माश्या येतात, चिलटं येतात. बुरशीने घाबरायचं नाही पण माश्यांनी शेजारी नक्की येतात.

शेणखतसमर्थक

आणि जवळ तळं, हौद, माशांची टाकी असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर तिकडे वाहून जाणार नाही असं बघा. मोगली एरंड, करंज आणि मोहाची पेंड सगळ्याच माशांना घातक. मोहाची पेंड तर तळ्यातले नको असलेले मासे मारायला मुद्दाम वापरतात. गोगलगायींना पण फॉर्बॉल एस्टर सोसत नाही, तो एक जोडफायदा म्हणा हवं तर.

मनीप्लँट

कुत्रं आहे घरी. चालेल का?

अर्धाकेमिस्ट

साध्या एरंडीची पेंड असेल तर नको. कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि हाडांच्या चुऱ्याबरोबर मिसळलेली असेल तर उकरून खातातच, त्यातून दगावल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. मोगली एरंडाची पण खायला देण्यासारखी नाही. कुत्रं असेल तर थेट पेंड न घालता पूर्ण तयार कंपोस्टच वापरा, आणि पोतं त्याला पोचणार नाही अशा जागी. मुलांचंही तेच.

कालवताना हातमोजे आणि मास्क. कोरडी पेंड चाळू नका, आधी पाणी शिंपडून मगच हात घाला, धूळ उडत नाही.

बोगदा

पोत्यावरून आठवलं. ताई, त्यांनी पोती एकावर एक रचून भिंतीला लावलीयत म्हणालात ना? तेलकट पेंड ढिगाने साठवली आणि त्यात ओल शिरली की ती आतल्या आत तापते, आणि कधीकधी आपोआप पेट घेते. जहाज वाहतुकीच्या नियमात तेलबियांच्या पेंडीला धोकादायक मालाचा वेगळा नंबर आहे, १३८६, आपोआप तापणाऱ्या पदार्थांच्या वर्गात. मी जाळायची म्हणतो पण चुलीत, गोदामात नाही. मशीनमधून गरम निघालेली पेंड लगेच पोत्यात भरतात का ते विचारा त्यांना.

रिकामीकुंडी

भरतात बहुतेक. पोतं उचलताना कोमट लागलं होतं हाताला, मला वाटलं उन्हाने.

बोगदा

पोती सावलीत होती का?

रिकामीकुंडी

हो. शेडमध्येच.

बोगदा

मग फोन करा त्यांना आधी. पोती खाली उतरवून सुटी सुटी ठेवायला सांगा, प्रत्येकात लोखंडी सळई मधोमध खुपसून थोड्या वेळाने काढून हात लावून बघायची. चटका बसला तर ते पोतं बाहेर मोकळ्यावर ओढायचं आणि पातळ पसरायचं, पण त्याआधी पाण्याच्या बादल्या भरून जवळ ठेवायच्या, कारण तापलेलं पोतं फोडलं की हवा लागून तेव्हाच भडकायची भीती असते. आतून धूर किंवा जळका वास येत असेल तर हात लावू नका, सरळ अग्निशमनवाल्यांना बोलवा. आणि यापुढे पेंड पूर्ण गार करून, वाळवून मगच भरायची, पोत्यांच्या थप्पीत मध्ये हवा खेळेल एवढी फट सोडायची.

रिकामीकुंडी

फोन लावतेय.